मार्गक (राउटर)

दोन वा अधिक संगणकजाळी जोडून त्यांतील माहितीच्या पुडक्यांना (पॅकेटना) इष्ट स्थळाची वाट दाखविणारे उपकरण. पुडक्यावरील अंकरूप पत्ता पाहून मार्गक आपल्या मार्गसारणीवरून फक्त पुढचा टप्पा ठरवितो. संपूर्ण प्रवासाचे ज्ञान त्याला नसते.

विदेश संचार निगमाने मुंबईत १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमद्वारे बहुधा एकच संगणक जोडला जाई, त्यामुळे घरात मार्गकाची गरज नव्हती. ब्रॉडबँड व बिनतारी जोडणीबरोबर तो बिऱ्हाडोबिऱ्हाडी पोहोचला. गिरगाव, लालबाग येथील चाळींत भिंतीस भिंत लागून असल्याने एका खोलीतील लहरी शेजारीही मिळतात आणि शेजारधर्माने सांगितलेला परवलीचा शब्द पाहता पाहता मजलाभर होतो. त्या जोडणीवरून कोणी गैरव्यवहार केल्यास माग मात्र नोंदणीकृत ग्राहकापर्यंतच येतो.

बिनतारी जोडणीची परवल व मार्गकाच्या व्यवस्थापनाची परवल या भिन्न आहेत. पहिली बदलून दुसरी कारखान्यातून आलेलीच ठेवण्याची चूक सर्रास आढळते. २०१६ मध्ये मिराई या अपायकारक आज्ञावलीने अशाच मूळ परवली वापरून असंख्य कॅमेरे व मार्गक ताब्यात घेतले. दोन्ही परवली बदलाव्यात, डब्ल्यूपीए-२ वा डब्ल्यूपीए-३ सांकेतन योजावे व बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद ठेवावी. शेजाऱ्यांना जोडणी द्यावयाचीच असल्यास पाहुण्यांचे स्वतंत्र जाळे वापरावे. निर्मात्याने आज्ञावलीतील सुधारणा पुरविणे थांबविल्यास मार्गक चालू स्थितीत असला, तरी तो बदलणे इष्ट ठरते.