केमोथेरपीच्या काळातील ताप आणि फुफ्फुसांचे संधिसाधू संसर्ग

केमोथेरपीची औषधे वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच, पण अस्थिमज्जेतील रक्तपेशी घडविणाऱ्या पेशीही त्याच स्वभावाच्या. परिणामी, औषध दिल्यानंतर साधारणतः ७ ते १४ दिवसांत रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या नीचांक गाठते. एरवी दर घनमिलिमीटर रक्तात १,५००हून अधिक असणारी ही संख्या ५००च्या खाली गेली, म्हणजे बँकेच्या भाषेत किमान शिल्लकही उरली नाही, की एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही फुफ्फुसांत ठाण मांडतात. म्हणूनच त्यांना ‘संधिसाधू’ म्हणतात.

अ‍ॅस्परजिलस ही बुरशी त्यांपैकीच एक. माती, कुजलेला पालापाचोळा, बांधकामाची धूळ यांतील तिचे बीजाणू सारेच श्वासावाटे आत घेतात. पण रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी दीर्घकाळ कमी राहिल्या, तर ती प्राणघातक ठरू शकते. न्यूमोसिस्टिस ही दुसरी बुरशी बहुधा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांना गाठते. कोरडा खोकला आणि चार पावले चालताच लागणारी धाप ही तिची लक्षणे. को-ट्रायमोक्सॅझोल या जुन्या, स्वस्त औषधाने तिला प्रतिबंध करता येतो. भारतात शरीरात दडून राहिलेला क्षयही अशा वेळी डोके वर काढू शकतो.

खरी अडचण निदानाची आहे. न्यूमोनियातील पू आणि पिवळा कफ मुख्यतः न्यूट्रोफिल पेशींमुळेच होतो. त्याच नसल्या, तर संसर्ग असूनही कफ पडत नाही आणि छातीचा एक्स-रे प्रारंभी स्वच्छ दिसू शकतो. अशा वेळी सीटी स्कॅन अधिक उपयोगी पडतो. पुष्कळदा ताप हीच एकमेव खूण असते. एकदाच १०१ अंश फॅरनहाइट, किंवा तासभर १००.४ अंश ताप राहिला, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावे. तेथे पहिल्या तासाभरात शिरेवाटे प्रतिजैविक सुरू व्हावे, असा दंडक आहे. घरीच पॅरासिटामॉल देऊन ‘सकाळी पाहू’ म्हणणे घातक. गोळीने ताप उतरतो, संसर्ग नव्हे.

या काळात रुग्णाने कुंड्यांची माती उकरू नये, घरातील तोडफोड पुढे ढकलावी, गर्दी टाळावी. बँकेतील गर्दीही त्यात आलीच. वैद्यकीय प्रमाणपत्र असलेल्या दीर्घकालीन आजाराच्या रुग्णांना घरपोच बँकसेवा देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सूचना दिल्या होत्या. त्यासाठी नातेवाइकांनी शाखेत चौकशी करावी.