बक्षीसपत्रातली एक ओळ

घर मुलाच्या नावे करून दिलं आणि पुढे आईचीच आबाळ सुरू झाली, तर? 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 इथे कामी येतं. सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडली तर, परत मागता येते.

मेख त्या अटीतच आहे! ती सिद्ध व्हायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावलं. म्हणून जाणता वकील ती दस्तातच लिहून घेतो. मध्य प्रदेशातल्या एका आईला जानेवारी 2025 मध्ये मालमत्ता परत मिळाली, कारण दस्तात सांभाळाचा उल्लेख होता आणि जोडीला मुलाचं वचनपत्र.

गंमत म्हणजे याच कायद्याचं कलम 17 असे अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे वकिलांना मज्जाव करतं. केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ते अवैध ठरवलं. महाराष्ट्रात अर्ज प्रांतांकडे करायचा, तोही ज्येष्ठांना स्वतः करता येतो.