काळ्या मातीतील सायकल : वापर आणि निगा

वाशिम जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत जाणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने सायकल हे आजही अत्यंत महत्त्वाचे वाहन आहे. गाव आणि शाळा यांच्यामधील तीन-चार किलोमीटरांचे अंतर एस. टी.च्या वेळेवर अवलंबून न राहता कापता यावे, यासाठी राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य देण्याची योजना राबविण्यात आली. या साहाय्याची रक्कम २०२२ मध्ये ३५०० रुपयांवरून ५००० रुपये करण्यात आली.

सायकलीमुळे शिक्षणात काय फरक पडतो, हे बिहारच्या अनुभवावरून दिसून येते. त्या राज्याने २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या योजनेमुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, असा निष्कर्ष काढला आहे. शाळा ज्या गावांपासून अधिक लांब होती, तेथे हा लाभ अधिक दिसला.

तथापि, हा लाभ सायकल चालू स्थितीत असेपर्यंतच मिळतो. चेन तुटलेली किंवा चाक जाम झालेली सायकल घराच्या पडवीत उभी राहिली, की शाळेचे अंतर पुन्हा पूर्वीइतकेच होते. सायकल खरेदीसाठी साहाय्य मिळते. तिची निगा मात्र वापरणाऱ्यानेच राखावयाची असते. ही निगा अवघड किंवा खर्चिक नाही. ती कशी राखावी, याची माहिती शिक्षक व पंचायत सदस्यांनी करून घेतल्यास अनेक सायकली वर्षानुवर्षे चालू राहू शकतील.

मातीचा स्वभाव

जिल्ह्याच्या मोठ्या भागात सोयाबीन, तूर व कापूस पिकविणारी काळी माती आहे. या मातीतील चिकण कण पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आकसतात. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, त्या याच गुणामुळे. पावसाळ्यात पांदण रस्त्याने सायकल नेली, की हाच चिखल टायरला चिकटून मडगार्डच्या आत साचतो. थोड्या वेळात चाक फिरेनासे होते. मुले तशीच सायकल रेटतात. त्यामुळे मडगार्ड वाकते, ब्रेकचे रबर झिजते आणि चेनवर ताण येतो.

चिखल वाळला की तो दगडासारखा कठीण होतो व त्यातील बारीक रेती पॉलिश कागदाप्रमाणे लोखंड घासते. म्हणून काळ्या मातीच्या प्रदेशात पहिला नियम असा, की चिखल ओला असतानाच काढावा. घरी पोहोचताच पाच मिनिटांत निघणारा चिखल दुसऱ्या दिवशी अर्धा तास घेतो.

प्रवासानंतरची स्वच्छता

यासाठी अर्धी बादली पाणी, दोन जुनी फडकी, एक जुना ब्रश आणि लाकडाची किंवा बांबूची चपटी काडी एवढे साहित्य पुरेसे आहे. प्रथम मडगार्ड आणि टायर यांमधील चिखल काडीने काढावा. लोखंडी सळई वापरू नये. तिने टायर कापला जातो व रंग निघून गंज धरतो. नंतर वरून खाली हलकेच पाणी ओतून फ्रेम, रिम व तारा पुसून घ्याव्यात. चेन व फ्रीव्हील सर्वांत शेवटी घ्यावे, म्हणजे तेथील तेलकट घाण ब्रेकच्या रबरावर जाणार नाही.

मोटारसायकल धुण्याच्या दाबाच्या फवाऱ्याने सायकल धुण्याची पद्धत आता खेड्यांतही आली आहे. ती टाळावी. चाकांचे हब, पायडलजवळील बी. बी. आणि हँडलचा सांधा येथे लोखंडी छर्रे ग्रीसमध्ये फिरत असतात. दाबाचे पाणी आत शिरून ग्रीस बाहेर ढकलते आणि छर्ऱ्यांना गंज चढतो. बाहेरून सायकल चकचकीत दिसते, पण काही आठवड्यांनी चाकातून करकर ऐकू येऊ लागते.

धुतल्यानंतर सायकल कोरडी करणे हे धुण्याइतकेच महत्त्वाचे आहे. चाके चार-दोन वेळा फिरवून पाणी झटकावे, कोरड्या फडक्याने चेन पुसावी आणि सायकल सावलीत उभी करावी. हिवाळ्यात व उन्हाळ्यात सायकलवर केवळ धूळ असते. त्या काळात पाण्याची गरज नाही. कोरडा ब्रश व फडके पुरते. पाणीटंचाईच्या गावांत ही गोष्ट मुद्दाम सांगावी.

चेन आणि तेल

सायकलीचा सर्वांत जास्त झिजणारा भाग म्हणजे चेन. तिच्यात शंभराहून अधिक सांधे असतात आणि प्रत्येक सांध्यात एक खिळा फिरतो. तेल हवे असते ते या खिळ्यापाशी. बाहेरच्या पृष्ठभागावर नव्हे. म्हणून स्वच्छ व कोरड्या चेनच्या खालच्या भागावर, पायडल उलटे फिरवीत, प्रत्येक सांध्यावर एक एक थेंब सोडावा. तेल आत मुरू द्यावे आणि बाहेर राहिलेले फडक्याने पुसून टाकावे. हे काम सायंकाळी केल्यास रात्रभरात तेल चांगले मुरते. चेनवर तेल जितके जास्त तितके चांगले, ही समजूत चुकीची आहे. ओल्या तेलावर धूळ बसते व तिचा काळा लेप दाते झिजवतो.

तेलाच्या निवडीतही चुका होतात. मोटारीच्या इंजिनातून काढलेले जळके ऑइल फुकट मिळते, म्हणून सर्रास वापरले जाते. परंतु त्यात काजळी व धातूचे बारीक कण असतात. घरातील सोयाबीनचे किंवा शेंगदाण्याचे तेल काही दिवसांनी हवेने चिकट होते, तर खोबरेल थंडीत थिजते. शिलाई मशीनचे तेल चालते, मात्र ते पातळ असल्याने वरचेवर द्यावे लागते. सायकलीच्या दुकानात मिळणारे चेनचे तेल किंवा मोटारसायकलचे नवे इंजिन ऑइल थोड्या प्रमाणात वापरावे. चेन अगदीच काळी झाली असल्यास फडके रॉकेलमध्ये भिजवून ती पुसावी. हे काम चुलीपासून व दिव्यापासून दूर करावे. फ्रीव्हीलमध्ये किंवा हबमध्ये रॉकेल ओतू नये, कारण त्याने आतील ग्रीस धुऊन निघते.

चेन केव्हा बदलावी, हे शाळेतील फूटपट्टीने मोजता येते. नव्या चेनमध्ये दोन लगतच्या खिळ्यांतील अंतर बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. त्यामुळे कोणत्याही खिळ्यापासून पुढचा २४ वा खिळा १२ इंचांवर, म्हणजे सुमारे ३०५ मिलिमीटरवर यावयास हवा. वापराने हे अंतर वाढत जाते. ते ३०६.५ मिलिमीटर झाले की चेन बदलावी. ३०८ मिलिमीटरपर्यंत वाट पाहिल्यास फ्रीव्हीलचे दातेही झिजलेले असतात आणि मग नवी चेन जुन्या दात्यांवरून घसरू लागते. वेळेवर एक चेन बदलली, तर दोन मोठे खर्च वाचतात. मापनाचा व सरासरी झिजेचा हा पाठ वर्गातही घेता येईल.

ब्रेक, टायर आणि रेंजर सायकली

ब्रेक हा सुरक्षिततेचा विषय आहे. मालेगाव व मानोरा भागातील चढउतारांवर तर त्याचे महत्त्व विशेष आहे. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या रबरात खडे रुतलेले असल्यास ते काढावेत. रबरावरील खाचा बुजल्या असतील तर रबर बदलावे. ब्रेकच्या तारेला टोकाशी एक थेंब तेल द्यावे. मात्र रिम, रबर व टायर यांना तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये.

बाभळीचा काटा हा या भागातील सायकलस्वाराचा नित्याचा शत्रू आहे. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून फडके फिरवावे. काटा राहिला असेल तर फडके अडकते आणि बोट सुरक्षित राहते. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या दाबाच्या मर्यादेत भरावी. कमी हवेवर सायकल चालविल्यास रिम वाकते व ट्यूब चिमटते. उन्हाळ्यात सायकल उन्हात उभी ठेवू नये. टायरमधील हवेचा दाब वाढतो व रबरही लवकर तडकते.

तरुण मुलांमध्ये आता जाड टायरच्या, गिअरच्या ‘रेंजर’ सायकली लोकप्रिय झाल्या आहेत. त्यांची स्वच्छताही वरीलप्रमाणेच करावी. अधिक लक्ष द्यावयाचे ते मागील गिअरच्या दोन लहान चक्रांकडे. तेथे चिखल व गवत गुंतते. डिस्क ब्रेकच्या तबकडीला तेल लागल्यास ब्रेक निकामी होतो, म्हणून चेनला तेल देताना तबकडी झाकावी. उतारावरून आल्यावर तबकडी तापलेली असते. तिला लगेच हात लावू नये.

वर्षातून एकदा ग्रीस

डोंगरात चालणाऱ्या या सायकलींचा इतिहास ग्रीसशीच जोडलेला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७० नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या वजनदार सायकली डोंगरउतारावरून पळवीत असत. मागील हबमधील ब्रेक इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून ते नव्याने भरावे लागे. १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीला ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा ग्रीस भरणे’, हेच नाव पडले. या सायकलींच्या जन्मापासूनच चालविणे आणि निगा राखणे ही कामे एकत्र होती.

आपल्याकडील सायकलीचे हब दर फेरीला उघडण्याचे कारण नाही. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या सुटीत, कारागिराकडून ‘ओव्हरऑइलिंग’ करून घ्यावे. यात हब, बी. बी. व हँडल उघडून छर्रे स्वच्छ केले जातात, खराब छर्रे बदलले जातात आणि नवे ग्रीस भरले जाते. एरवी महिन्यातून एकदा चाक हाताने आडवे हलवून पाहावे. ते खडखडत असेल तर कोन सैल झाला आहे, असे समजावे. तसेच चाक वर उचलून फिरवावे. ते ब्रेकच्या रबराला एकाच जागी लागत असेल तर ते आऊट झाले आहे. अशा वेळी तारा ओढून घेणे हे कारागिराचे काम आहे.

शाळा आणि ग्रामपंचायत यांचा वाटा

प्रत्येक घरात पंप व पाने असतीलच असे नाही. शाळेत एक हवेचा पंप, पान्यांचा एक संच, पंक्चरचे सोल्यूशन व ठिगळे आणि तेलाची एक कुपी ठेवल्यास दूरच्या गावांतील मुलींची मोठी अडचण दूर होईल. कार्यानुभवाच्या तासात महिन्यातून एक शनिवार सायकल तपासणीसाठी देता येईल. हवा, ब्रेक, चेन आणि नट या चार गोष्टी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः तपासाव्यात. मुलींना पंक्चर काढणे व उतरलेली चेन बसविणे शिकविल्यास रस्त्यात कोणाची वाट पाहण्याची वेळ येणार नाही. गावातील सायकल कारागिरास सत्राच्या प्रारंभी शाळेत बोलावून त्याच्याकडून प्रात्यक्षिक करून घ्यावे.

ग्रामपंचायतीने शाळेच्या आवारात सायकलींसाठी छपराची व्यवस्था करावी. शाळेच्या वाटेवरील चिखलाचे टप्पे मुरूम टाकून पक्के करावेत. गावातील किती सायकली बंद पडून आहेत व कशामुळे, याची नोंद मुख्याध्यापकांच्या साहाय्याने घेतल्यास असे दिसून येईल, की पुष्कळ सायकली एखादी ट्यूब, चेन किंवा ब्रेकची तार यांसाठीच उभ्या आहेत. विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडतात. त्यापूर्वीच्या पंधरवड्यात ही दुरुस्ती पूर्ण झाली, तर पहिल्या पावसात कोणाचीही शाळा बुडणार नाही.

सायकलीच्या वाटपाचा कार्यक्रम एका दिवसाचा असतो. तिचा उपयोग पाच वर्षे व्हावयाचा असतो. आठवीत सायकल मिळालेली मुलगी बारावीची परीक्षाही त्याच सायकलीवरून जाऊन देऊ शकेल, यासाठी शाळा, ग्रामपंचायत आणि पालक यांनी या साध्या कामाकडे नियमाने लक्ष देणे आवश्यक आहे.