एका शहराचे नाव, तीन अर्थ : डॅमास्क कापड, गुलाब आणि रंग

इंग्रजी शब्दकोशात ‘डॅमास्क’ हा शब्द काढून पाहिला तर त्याचे तीन प्रमुख अर्थ सापडतात. पहिला, विणीतच नक्षी उमटवलेले उंची रेशमी किंवा लिननचे कापड; दुसरा, दाट सुगंधाचा एक गुलाब; आणि तिसरा, त्या गुलाबाचा तांबूस गुलाबी रंग. तिन्ही अर्थांच्या मुळाशी एकच शहर आहे. ते म्हणजे सीरियाची राजधानी दमास्कस, अरबी-उर्दूतील दिमश्क.

एवढी व्युत्पत्ती कळली की विद्यार्थी पुढचे अनुमान सहज काढतात. हे कापड प्रथम दिमश्कमध्ये विणले गेले आणि हा गुलाबही तेथेच जन्मला, असे ते धरून चालतात. मुस्लिम संस्कृतीच्या योगदानावरील भाषणांतूनही हे विधान ऐकू येते. त्यामागील भावना समजण्यासारखी आहे. पण पुरावा तसे सांगत नाही. वस्तूला चिकटलेले गावाचे नाव बहुधा ती कोणत्या बाजारातून घेतली हे सांगते. तिचा उगम कोठे झाला हे सांगत नाही. प्रस्तुत लेखात वरील तीन अर्थांच्या आधारे हा फरक स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कापड

डॅमास्कची नक्षी छापलेली नसते, भरतकामाने काढलेलीही नसते. ती ताण्या-बाण्याच्या मांडणीतूनच उमटते. साटीनच्या विणीत ताण्याचा एक उभा धागा सलग चार आडव्या धाग्यांवरून जातो आणि पाचव्याखाली दबतो. त्यामुळे वर उभे धागेच दिसतात व कापड गुळगुळीत, चकचकीत होते. डॅमास्कची जमीन अशी विणतात आणि नक्षीच्या जागी हाच क्रम उलटा करतात. तेथे बाण्याचे आडवे धागे वर येतात. दोन्ही धागे एकाच रंगाचे असले तरी त्यांच्यावरून प्रकाश वेगवेगळ्या दिशांनी परावर्तित होतो. म्हणूनच पांढऱ्या कापडावर पांढरी वेल दिसते. कापड उलटे केले तर तीच नक्षी चमकदार आणि जमीन मंद दिसते.

आपल्या परिचयाच्या किनखापाहून हे तंत्र वेगळे आहे. किनखापात नक्षीसाठी जरीचा किंवा रंगीत रेशमाचा जादा आडवा धागा घालतात. तो काढून घेतला तरी खालचे कापड शिल्लक राहते. डॅमास्कमध्ये नक्षी वेगळी काढता येत नाही, कारण नक्षी आणि कापड एकच असते. अशा विणीसाठी ठरावीक उभे धागे दोऱ्यांनी उचलून धरणारा मदतनीस विणकराच्या जोडीला लागत असे. पुढे १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील लियोंच्या जोसेफ मारी जाकार यांनी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने हे काम करणारी यंत्रणा आणली.

एकरंगी नक्षीदार रेशीम चीनमध्ये हान राजवटीच्या काळापासून (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) विणले जात होते. दिमश्क हे त्या विद्येचे जन्मस्थान नव्हे. पण ते केवळ दुकानही नव्हते. बाराव्या शतकातील भूगोलकार अल-इद्रीसी याने तेथील रेशमी वस्त्रांची वाखाणणी केली आहे. १४०१ मध्ये तैमूरने शहर लुटले तेव्हा तेथील कुशल कारागिरांना त्याने समरकंदला नेले, यावरून त्यांची योग्यता कळते. युरोपीय व्यापाऱ्यांना हा माल या बाजारपेठेमुळे माहीत झाला, म्हणून त्यांनी त्याला शहराचे नाव दिले. पुढे इटलीत, नंतर फ्लँडर्स आणि आयर्लंडमध्ये असे कापड विणले जाऊ लागले, तरी नाव दिमश्कचेच राहिले.

पूर्वेकडच्या भाषांचा पुरावा येथे महत्त्वाचा आहे. अरबी-फारसीत अशा नक्षीदार रेशमाला ‘कम्खा’ म्हणत. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने चीनमधील झैतून बंदराचे वर्णन करताना कम्खा आणि अतलस या दोन कापडांचा उल्लेख केला आहे. अतलस म्हणजे साटीन. आणि ‘साटीन’ हा शब्दही या झैतूनवरून आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ‘कम्खा’चे मूळ अनेक अभ्यासक चिनी भाषेत शोधतात. हाच शब्द आपल्याकडे कमखाब, किनखाब, किनखाप झाला. ‘कम ख्वाब’, म्हणजे कमी झोप, ही त्याची फोड ऐकायला गोड असली तरी ती लोकव्युत्पत्ती आहे.

गुलाब

या गुलाबाचे शास्त्रीय नाव ‘रोझा डमासेना’. क्रुसेडच्या काळात सरदारांनी तो सीरियातून युरोपात नेला, अशी कथा सांगितली जाते. इ.स. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी संशोधकांच्या जनुकीय अभ्यासातून असे दिसले की हा गुलाब तीन जातींच्या संकरातून झाला आहे आणि त्यांपैकी एक, रोझा फेडचेन्कोआना, मध्य आशियातील आहे. म्हणजे त्याच्या वंशाचा एक धागा तरी सीरियाच्या बऱ्याच पूर्वेला पोहोचतो. इराणात याला ‘गुल-ए-मुहम्मदी’ म्हणतात. तेथील नावात दिमश्क कोठेच नाही.

मग दिमश्कचे श्रेय कोणते? ते आहे अर्क काढण्याच्या विद्येचे आणि व्यापाराचे. नवव्या शतकात अल-किंदीच्या नावे असलेल्या ग्रंथात सुगंधी द्रव्ये आणि ऊर्ध्वपातनाच्या कृती आढळतात. चौदाव्या शतकाच्या आरंभी अल-दिमश्की या भूगोलकाराने शहराजवळच्या मिझ्झा गावातील गुलाबपाण्याच्या भट्ट्यांचे वर्णन केले असून, तेथील माल हिंदुस्थान आणि चीनपर्यंत जात असल्याचे लिहिले आहे.

या व्यापाराची खूण आपल्या भाषेत टिकून आहे. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. ‘गुलाब’ म्हणजे फुलाचा अर्क. हिंदी, उर्दू आणि मराठीत मात्र अर्काचे नाव फुलालाच मिळाले. मग अर्कासाठी नवा शब्द हवा म्हणून ‘गुलाबपाणी’ तयार झाला, ज्यात पाणी दोनदा आले आहे.

अत्तराचे अर्थकारण समजून घेण्यासारखे आहे. सुमारे ३,००० ते ४,००० किलो फुलांपासून जेमतेम एक किलो तेल निघते. उन्हाने सुगंधी तेल उडून जाते, म्हणून फुले पहाटे तोडावी लागतात. आज बल्गेरियातील कझानलाक, तुर्कस्तानातील इस्पार्ता, इराणातील काशान आणि सौदी अरेबियातील ताइफ ही याची प्रसिद्ध क्षेत्रे आहेत. भारतात अलीगड-कन्नौज परिसरात व राजस्थानात पुष्करला हा गुलाब होतो.

रंग

तिसरा अर्थ थेट शहरावरून आलेला नाही. कापडाला ठरावीक रंग नव्हता. रंगाचे नाव आले ते गुलाबावरून. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळात शेक्सपिअरने ‘ट्वेल्फ्थ नाइट’ या नाटकात गालांच्या लालीसाठी हा शब्द वापरला. मराठीतील ‘गुलाबी’ची वाटचाल अशीच आहे. पाण्यावरून फूल आणि फुलावरून रंग, असा हा प्रवास झाला. आज ‘गुलाबी थंडी’ म्हणताना ना पाणी आठवते ना फूल.

नावाचा पुरावा किती मानावा?

दिमश्कच्या नावाने गाजलेल्या तलवारींचे उदाहरण आपल्या प्रदेशाशी निगडित आहे. अशा तलवारींसाठी नावाजलेले ‘वुट्झ’ पोलाद दक्षिण भारतात तयार होत असे. तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम हे त्याचे एक जुने केंद्र. तेथून पोलाद नेण्यासाठी इराणी व्यापारी येत. पाती घडवणाऱ्यांचे आणि विकणाऱ्या शहरांचे नाव झाले. धातू गाळणारा दख्खनचा कारागीर अनामिकच राहिला. आपण दिमश्कचे श्रेय वाढवून सांगतो तेव्हा असाच अन्याय चिनी विणकरावर किंवा मध्य आशियातील बागवानावर होतो. दुसऱ्या टोकाला, ‘तेथे फक्त विक्री होत असे’ म्हणणे हा दिमश्कच्या विणकरांवर आणि अत्तारांवर अन्याय ठरेल. एक विद्या घेणे, ती वाढवणे आणि पुढे पोहोचवणे हे योगदान लहान नाही. ते आहे तेवढेच नेमके सांगितले तर कोणत्याही चिकित्सेत टिकते.

दिमश्कच्या ग्रामीण परिसरातील अल-मराह गावात हा गुलाब आजही लावला जातो. २०११ नंतरच्या युद्धाची आणि दुष्काळाची झळ तेथील बागांना बसली. २०१९ मध्ये युनेस्कोने या गावातील गुलाबविषयक प्रथा व कारागिरीचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. या नोंदीत गुलाबाच्या उगमावर हक्क सांगितलेला नाही. फुले तोडणे, अर्क काढणे, सरबत आणि मुरंबा करणे या पिढीजात कामांची दखल त्यात घेतली आहे. श्रेय मोजण्याची हीच रीत आपल्या अभ्यासातही रुजायला हवी.