जीनोम ब्राउझर: काय दाखवतो, काय नाही

शहापूर-मुरबाडच्या भाताचा अभ्यास करणाऱ्या जीवशास्त्रज्ञाला जीनोम (पेशीतील संपूर्ण आनुवंशिक माहिती) पाहायचा तर प्रोग्रॅमिंग यायलाच हवे, असा समज आहे. तसे नाही. ‘एन्सेम्बल प्लांट्स’सारखा जीनोम ब्राउझर (जनुकांचा नकाशा दाखवणारे संकेतस्थळ) कुणालाही विनामूल्य उघडता येतो. जनुकाचे नाव टाकले की त्याची जागा, रचना आणि शेजारची जनुके आडव्या पट्ट्यांवर दिसतात.

कल्याण–कसारा मार्गाच्या नकाशासारखेच हे. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा हा क्रम त्यातून कळतो. गाडीत कोण बसले आहे, हे कळत नाही.

इथेच दुसरी गल्लत होते. पडद्यावरचे चित्र आपल्या शेतातल्या वाणाचे नसते. भाताच्या बाबतीत ते सहसा ‘निप्पोनबारे’ या जपानी वाणाचे असते. त्याच्या १२ गुणसूत्रांचे वाचन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या कामात भारतही सहभागी होता. पाण्याखाली बुडालेल्या रोपाला तग धरायला मदत करणारे ‘सब१ए’ हे जनुक मात्र या वाणात नाहीच.

म्हणून स्थानिक वाणाबद्दल निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याचीच माहिती ब्राउझरमध्ये चढवून नकाशाशी ताडून पाहावी.