महाराष्ट्र व गोवा किनाऱ्यावरील सूक्ष्मप्लास्टिक प्रदूषण

सूक्ष्मप्लास्टिक म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा लहान आकाराचे प्लास्टिकचे कण, तंतू, पापुद्रे व गोळ्या होत. किनाऱ्यालगतचे समुद्रजल, पुळणीची वाळू आणि समुद्रतळाचा गाळ या तिन्हींत ते आढळतात. या कणांत मिसळलेली व त्यांच्या पृष्ठभागावर साचलेली घातक रसायने हा या प्रदूषणाचा दुसरा भाग होय. ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन व सहकाऱ्यांच्या इ.स. २००४ मधील शोधनिबंधामुळे ही संज्ञा रूढ झाली.

उगम

मूळचेच बारीक असलेले कण प्राथमिक, तर मोठ्या वस्तूंच्या विघटनातून तयार झालेले कण दुय्यम मानले जातात. प्लास्टिक उद्योगाचा कच्चा माल असलेल्या गोळ्या पहिल्या प्रकारात मोडतात. पिशव्या, बाटल्या, नायलॉनची जाळी व दोर ऊन, लाटा आणि वाळूच्या घर्षणाने झिजून दुसऱ्या प्रकारचे कण बनतात. कृत्रिम धाग्यांचे कपडे धुताना सुटणारे तंतू सांडपाण्यातून समुद्रात जातात.

कोकणच्या समुद्राला मिठी, उल्हास, सावित्री, वाशिष्ठी यांसारख्या आखूड, पश्चिमवाहिनी नद्या मिळतात. घाटमाथ्यापलीकडील कचऱ्याचा मार्ग वेगळा आहे. पुणे शहरातून येणारी मुळा-मुठा भीमेला मिळते. शिरूर व दौंड तालुक्यांच्या सीमेवरून, वडगाव रासाईसारख्या गावांजवळून वाहणारी भीमा पुढे उजनी जलाशयात येते आणि शेवटी कृष्णेमार्गे तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. वाटेतील धरणांत पाण्याचा वेग मंदावतो व गाळाबरोबर जड कणही तळाशी बसू शकतात.

समुद्रजल व गाळ

समुद्रजलाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.०२५ ग्रॅम असते. पॉलिइथिलीन व पॉलिप्रॉपिलीन त्याहून हलके असल्याने तरंगतात. पीव्हीसी व पेट बुडतात. तरंगणाऱ्या कणांवर जिवाणू व शैवाल यांचा थर चढला, की तेही जड होऊन तळाशी जातात. त्यामुळे पृष्ठभागावरील पाणी स्वच्छ दिसले, तरी गाळात कण साचत राहतात.

रासायनिक प्रदूषके

प्लास्टिक लवचीक, टिकाऊ किंवा अग्निरोधक व्हावे म्हणून त्यात थॅलेट, ब्रोमीनयुक्त संयुगे, अतिनील स्थिरक इत्यादी रसायने मिसळतात. ती कालांतराने बाहेर झिरपू शकतात. याशिवाय पीसीबी, डीडीटी यांसारखी पाण्यात न विरघळणारी प्रदूषके प्लास्टिकच्या पृष्ठभागाकडे ओढली जातात. जपानी संशोधकांनी इ.स. २००१ मध्ये दाखविल्यानुसार गोळ्यांवरील त्यांचे प्रमाण भोवतालच्या समुद्रजलाच्या लाखो पट असू शकते. यूव्ही-३२८ या अतिनील स्थिरकाचा इ.स. २०२३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत समावेश झाला.

प्रादेशिक अभ्यास

मुंबईतील केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेच्या संशोधकांनी आक्सा, वर्सोवा, जुहू व दादर या चौपाट्यांवरील प्लास्टिकचा अभ्यास इ.स. २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दर चौरस मीटरला सरासरी ६८.८३ तुकडे आढळले. त्यांपैकी सुमारे ४२ टक्के १ ते ५ मिलिमीटर आकाराचे होते. गोव्याच्या पुळणींवरील गोळ्यांवर इ.स. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॉलिइथिलीन व पॉलिप्रॉपिलीनचे प्राबल्य दिसले, तसेच नैर्ऋत्य मोसमी काळातील वारे व प्रवाह त्यांना किनाऱ्यावर आणतात, असे आढळले. शेजारच्या गुजरातेतील अलंग-सोसिया जहाजतोडणी केंद्राच्या परिसरात दर किलोग्रॅम गाळात सरासरी ८१ मिलिग्रॅम प्लास्टिकचे बारीक तुकडे मिळाले होते (इ.स. २००६).

मापनातील अडचणी

गाळ मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळून वर आलेले कण गाळून घेतात व अवरक्त किंवा रामन वर्णपटाने त्यांचा प्रकार ओळखतात. या द्रावणाची घनता सुमारे १.२ असल्याने पीव्हीसी व पेटचे कण त्यात पुरेसे वर येत नाहीत आणि मोजणी कमी भरते. काही अभ्यास चौरस मीटरमागे, काही किलोग्रॅममागे, तर काही घन मीटरमागे आकडे देतात. अशा आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

परिणाम

मोठ्या माशांचे आतडे स्वयंपाकापूर्वी काढून टाकले जाते. परंतु तिसऱ्या, कालवे व जवळा हे कोकणातील नेहमीचे खाद्य आतड्यासह खाल्ले जाते. म्हणून मानवी आहाराच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे ठरते, असे अन्न व कृषी संघटनेच्या इ.स. २०१७ च्या अहवालातील विवेचनावरूनही दिसते. मानवी आरोग्यावरील परिणामांविषयीचे पुरावे अद्याप अपुरे आहेत.

उपाययोजना

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च, इ.स. २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या ठरावीक वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. एकदाच वापराच्या काही वस्तूंवरील देशव्यापी बंदी १ जुलै, इ.स. २०२२ पासून लागू झाली. वर्सोवा येथे वकील अफरोज शाह यांनी इ.स. २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्वच्छता मोहिमेची संयुक्त राष्ट्रांनी दखल घेतली. मात्र सफाईने मुख्यतः मोठे तुकडे निघतात. वाळू व गाळात मिसळलेले सूक्ष्मकण वेचून काढणे व्यवहार्य नसल्याने कचरा नाले व नद्यांत जाण्यापूर्वी रोखणे हाच प्रभावी उपाय मानला जातो.