काजूला किती थंडी, किती ऊन? घाटावरच्या बागेचा तापमानाचा हिशेब

खानापूर : "मोहोर भरपूर आला, पण काजू धरलाच नाही." चंदगड, खानापूर पट्ट्यात हे वाक्य दर एक-दोन वर्षांनी कुठून ना कुठून ऐकू येतंच. दोष कधी कलमाला दिला जातो, कधी खताला, कधी फवारणीला. यातलं काहीही कारण असू शकतं. पण बागेतलं रात्रीचं किमान आणि दुपारचं कमाल तापमान किती होतं, हे सहसा कोणी तपासत नाही. काजूच्या बाबतीत निम्मा हिशेब तिथंच असतो.

झाड मूळचं उष्ण किनाऱ्याचं

काजू मूळचा ईशान्य ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला आणि तिथून तो कोकणात व पुढं घाटावर पसरला. मूळ मुलुखात कडाक्याची थंडी नाही. वर्षभर ऊब, काही महिने पाऊस आणि मग लांब कोरडा काळ, हीच या झाडाची सवय आहे.

त्यामुळं 20 ते 30 अंश सेल्सिअस तापमान आणि 1000 ते 2000 मिलिमीटर पाऊस काजूला सर्वात मानवतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीपर्यंत लागवड चालते, असं शिफारशीत सांगितलं जातं. मात्र तिथं तापमान फार दिवस 20 अंशांच्या खाली राहू नये, ही अट आहे. हिवाळ्यात गोठवणारी थंडी पडणाऱ्या भागात कोवळं रोप टिकत नाही. म्हणून ग्वाल्हेरच्या पाहुण्यांनी हौसेनं कलम मागितलं, तर त्यांना आधी हे सांगायला हवं.

आपण काठावर आहोत

बेळगाव शहर साधारण 750 मीटर उंचीवर आहे. चंदगड, खानापूरचा बराच भागही याच उंचीच्या आसपास येतो. म्हणजे शिफारशीतली मर्यादा जिथं संपते, नेमकी तिथं आपली बाग आहे.

दर हजार मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी घटतं. चोर्ला किंवा तिलारी घाट उतरला की चार-पाच अंशांचा फरक पडतो तो यामुळंच. जानेवारीत पणजीचं सरासरी किमान तापमान 19-20 अंशांच्या घरात असतं, तर बेळगावचं 14 च्या आसपास. सत्तरी किंवा दोडामार्गातल्या बागेचं वेळापत्रक जसंच्या तसं घाटावर चालत नाही, ते यासाठीच.

एकच आकडा, टप्प्यानुसार वेगळा अर्थ

*पालवी :* पाऊस थांबून जमीन सुकू लागली की नवी पालवी फुटते. तिच्याच शेंड्याला मोहोर येतो. परतीचा पाऊस लांबला तर पालवी लांबते आणि पुढचं सगळंच मागं पडतं.

*मोहोर :* एकाच तुऱ्यात नर फुलं आणि द्विलिंगी फुलं असतात. फळ धरतं ते फक्त द्विलिंगी फुलांना, आणि त्यांचं प्रमाण मुळातच कमी असतं. परागकण चिकट असल्यानं ते वाऱ्यानं फारसे जात नाहीत, त्यासाठी मधमाश्या, माश्या, मुंग्या लागतात. गारठलेल्या, धुकट सकाळी मधमाश्या उशिरा बाहेर पडतात. थंडी लांबली तर तुरा हळू उमलतो. त्यात ढगाळ हवा आली तर ढेकण्या किडीचं फावतं. ती रस शोषते आणि मोहोर करपतो. लोक "थंडीनं मोहोर जळाला" म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा काम या किडीचं असतं.

*गोटी :* बी गोटीएवढी असताना धोका उलटा असतो. या काळात पारा 39 ते 42 अंशांवर गेला तर गळ होते. घाटाखाली फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेचे कोरडे वारे सुटले की ही भीती जास्त. घाटावर ती तुलनेनं कमी.

थंडी दिवस खाते

मग घाटावर खरं नुकसान कुठं होतं? आपल्याकडच्या थंडीनं मोठं झाड मरत नाही. ती पिकाचे दिवस खाते. फळ धरल्यापासून बी काढणीला यायला साधारण दोन महिने लागतात. मोहोर डिसेंबरऐवजी फेब्रुवारीत फुलला तर काढणी एप्रिल-मेमध्ये जाते. तेव्हा वळीव गाठतो. खाली पडलेली बी भिजते, काळवंडते, आणि भिजलेल्या मालाला व्यापारी भाव पाडून मागतो. खर्च तेवढाच, उत्पन्न मात्र घटलेलं.

करण्यासारखं काय?

नवी लागवड करताना जागा नीट बघा. रात्री थंड हवा पाण्यासारखी खाली उतरते आणि खोलगट भागात साचते. त्यामुळं दरीच्या तळापेक्षा उतारावरची बाग उबदार राहते. सकाळचं ऊन लवकर मिळणारा उतार असेल तर आणखी चांगलं.

कलम घेताना बीचा आकार आणि उत्पन्न याबरोबरच मोहोर कधी येतो तेही विचारा. वेंगुर्ला 4, वेंगुर्ला 7 ही कलमं घाटावर पोचली आहेत. पण जवळपासच्या, आपल्याच उंचीवरच्या बागेत ती कशी चालतात हे बघूनच संख्या ठरवा.

पाण्याची सोय असेल तर जानेवारी ते मार्च दर पंधरा दिवसांनी मोठ्या झाडाला सुमारे 200 लिटर पाणी द्यावं, अशी शिफारस आहे. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवलं तर ओल टिकते आणि गळ कमी होते.

शेवटचा मुद्दा विम्याचा. महाराष्ट्राच्या हवामान आधारित फळपीक विमा योजनेत काजूसाठी अवेळी पाऊस आणि कमी तापमान हे धोके धरलेले आहेत. मात्र भरपाई ठरते ती ठरवून दिलेल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर, तुमच्या बागेतल्या पाऱ्यावर नाही. चंदगडकरांनी कृषी सहायकाकडं आपलं केंद्र कोणतं ते विचारून घ्यावं. खानापूरच्या बाजूला पिकांची यादी आणि अटी वेगळ्या असतात, त्यासाठी रयत संपर्क केंद्र गाठावं.

आणि किमान-कमाल दाखवणारा एक साधा थर्मामीटर बागेत सावलीत टांगा. नोव्हेंबर ते मार्च रोजचे दोन आकडे वहीत लिहा. दोन-तीन हंगामांची वही जमली की मोहोर कुठल्या आठवड्यात अडकतो ते कळेल, आणि पुढच्या खेपेला कलमाला दोष द्यायचा की जागेला, हेही ठरवता येईल.